उच्च रक्तदाब आणि हृदयाचा मूक रक्षक

रक्तदाबाची गोळी घेणारी एकही व्यक्ती नाही, असे कुटुंब आपल्या धर्मग्रामांत आज क्वचितच आढळेल. “त्रास तर काहीच नाही, मग गोळी कशासाठी?” हा प्रश्नही तितकाच परिचित आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी हृदयातच तयार होणाऱ्या एका पदार्थाची ओळख आपण करून घेऊ या.

हृदय हा केवळ रक्त ढकलणारा पंप, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९८१ मध्ये कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो डी बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीवाटे मीठ व पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर पडू लागले आणि रक्तदाब उतरला. हृदय हे संप्रेरक निर्माण करणारी ग्रंथीही आहे, हे यातून सिद्ध झाले. या संप्रेरकाला ‘एएनपी’ म्हणतात. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना त्याचे भावंड ‘बीएनपी’ सापडले. ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवते.

रक्तदाब वाढला की हृदयाच्या भिंतींवर ताण येतो व हे पेप्टाइड रक्तात उतरते. ते मूत्रपिंडांकरवी मीठ-पाणी बाहेर टाकते, रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयाच्या स्नायूंच्या अवाजवी वाढीला आवर घालते. त्याचा संदेश स्वीकारणारी यंत्रणा ज्यांच्यात नव्हती, अशा उंदरांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, हृदय मोठे व तंतुमय झाले होते आणि काही उंदीर अचानक दगावले. पुढील प्रयोगांत औषधांनी रक्तदाब उतरवूनही अशा उंदरांच्या हृदयाची वाढ फारशी रोखता आली नाही. म्हणजेच हे पेप्टाइड हृदयाचे थेट रक्षणही करते.

मात्र या रक्षकाची शक्ती अमर्याद नाही. रक्तदाब वर्षानुवर्षे चढाच राहिला, तर हृदयाची भिंत जाड व ताठर होते, दोन ठोक्यांमध्ये हृदय नीट भरत नाही आणि अखेरीस ते थकते. तेव्हा पेप्टाइड भरपूर स्रवते, पण मूत्रपिंडे त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणूनच धाप लागलेल्या रुग्णाची बीएनपी तपासणी करतात. वाढलेला आकडा हा आजाराचे कारण नसून ताणलेल्या हृदयाची हाक असते. वाढते वय व मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही तो वाढतो, तर स्थूल व्यक्तींत कमी दिसू शकतो. त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावे. या पेप्टाइडचे विघटन रोखणारे सॅक्युबिट्रिल हे औषध, व्हल्सार्टनच्या जोडीने, २०१५ पासून हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांसाठी वापरात आहे.

तरीही खरा उपाय त्याआधीचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. नागपूरशेजारील वर्धा व भंडारा हे जिल्हे केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होते. नियमित मोजणी, नियमित औषध आणि सातत्याने पाठपुरावा, हेच त्याचे सूत्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड व चिवडा यांतील मीठही त्यातच मोजावे. नागपूरच्या कडक उन्हाळ्यातही गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी. त्रास नाही याचा अर्थ हृदयावर ताण नाही, असा होत नाही. आपले हृदय मुकाट्याने झुंजत असते. गोळी ही त्याला आपण केलेली मदत आहे.