कोळशावर वाढणारे जिवाणू

नारळाच्या करवंट्या भाजून आणि वाफेत तापवून बनवलेल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर भरतो. वास, रंग, कीटकनाशकांचे अंश त्यात चिकटतात. छिद्रे भरत आली की साधा कोळसा बदलावा लागतो. पाण्यात क्लोरीन नसेल, तर मात्र दाण्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि विरघळलेला सेंद्रिय अंश खात राहतो. जर्मनीतील म्युलहाइम येथे १९७०च्या दशकात आधी ओझोन सोडून मोठे रेणू तोडण्यात आले, म्हणजे त्यांचे तुकडे जिवाणूंना पचावेत. पाणी कोळशात साधारण १० ते २० मिनिटे राहावे लागते.

आता आपल्या गावांकडे पाहू. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. मुरबाडच्या जमिनी गिळणाऱ्या बारवी धरणाचे पाणीही शहरांना आणि कारखान्यांना जाते. गावात शुद्धीकरण म्हणजे बहुधा जलसुरक्षकाची बादली. तो टीसीएल ही क्लोरीन देणारी पावडर पाण्यात कालवतो, चुना खाली बसू देतो, वरची निवळ तेवढी विहिरीत ओततो. उग्र वास हाताला दिवसभर राहतो. अर्ध्या तासाने नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा; लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. पावसाळ्यात पालापाचोळ्याचे पाणी आले की क्लोरीन त्यातच खर्च होते, अर्धा तास उलटूनही नळी पांढरीच राहते, आणि मात्रा वाढवावी लागते. वाढलेल्या क्लोरीनपासून ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक संयुगे तयार होतात.

कोळशावरच्या जिवाणूंच्या, म्हणजे जैविक गाळणीचा खरा उपयोग इथे आहे: क्लोरीन खाणारा अंश ती आधीच कमी करते. म्हणून गाळणी आधी, टीसीएल नंतर. क्रम उलटला तर कोळसा क्लोरीनच शोषतो, आणि हंड्यातल्या पाण्याला ०.२चेही संरक्षण उरत नाही. घरगुती कोळशाच्या गाळणीतही हेच घडते. चव सुधारते, एवढ्यावरून पाणी निर्धोक समजणे धोक्याचे आहे.

ओझोनयंत्राला अखंड वीज लागते. पाड्यावर ते चालणार नाही. तिथे संथ वाळूगाळणीच योग्य. तिच्यातही जिवाणूच काम करतात. पाणी ताशी १० ते २० सेंटिमीटर उतरते, वाळूच्या वर सजीव साय धरते. १८९२च्या पटकीच्या साथीत जर्मनीतील हॅम्बुर्ग होरपळले, वाळूगाळणी असलेले शेजारचे अल्टोना बरेचसे वाचले. साय दाट झाली की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडतात आणि नवी धरेपर्यंत काही दिवसांचे पाणी पिण्यासाठी देत नाहीत.