विश्लेषण : कार्यालयात पोहोचेपर्यंत पाणी नेमके कुठे बिघडते?

ठाण्यातील वागळे इस्टेट असो वा डोंबिवली एमआयडीसी, सकाळी टेम्पोतून थंड पाण्याचे २० लिटरचे जार उतरताना दिसतात. अनेकांवर ना उत्पादकाचे नाव असते, ना सील, ना तारीख. पाणी गार आहे, स्वच्छ दिसते, एवढ्यावर विषय संपतो. पुढे कुणाला कावीळ किंवा टायफॉइड झाला की संशय जातो नाक्यावरच्या पाणीपुरीवर. कामाच्या जागी आठ-दहा तासांत पोटात गेलेल्या पाण्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित कसे होते?

ठाणे शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी मिळते. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात बारवी धरणाचे पाणी एमआयडीसीच्या जांभूळ केंद्रात शुद्ध होऊन येते. केंद्रातून निघताना त्यात क्लोरिन असते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी त्यातला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन शिल्लक असावा लागतो. वाटेत जंतू शिरले तर त्यांना मारण्यासाठीची ही शिल्लक असते.

अडचण वाटेतच आहे. देखभालीसाठी घेतला जाणारा ‘शटडाऊन’ ठाणे-कल्याण पट्ट्याला नवा नाही. वाहिनी रिकामी झाली की आतला दाब नाहीसा होतो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचे, प्रसंगी गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुरवठा सुरू झाल्यावरचे पहिले गढूळ पाणी म्हणूनच वाहू द्यायचे असते. गाळ्यांच्या संकुलात मात्र ते थेट भूमिगत टाकीत जाते. टाकीच्या झाकणाला फट असेल आणि शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल, तर जांभूळला केलेला सारा खर्च तिथेच वाया जातो.

मग ‘आरओ’ आहे ना?

आहे, पण त्याच्या आधी कार्बन फिल्टर असतो आणि तो क्लोरिन काढून टाकतो. त्यामुळे यंत्रातून बाहेर पडलेले पाणी शुद्ध असले तरी निःशस्त्र असते. ते कूलरच्या टाकीत शनिवार-रविवार साचून राहिले, टाकी धुतलेली नसली किंवा तोटीला खरकटे हात लागत राहिले, तर जंतूंना रोखणारे त्यात काहीच उरत नाही.

सेवा देणारा तंत्रज्ञ येतो, टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि सही घेऊन जातो. हा मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. मैलामिश्रित पाण्याचा टीडीएसही कमी असू शकतो. क्षारांसाठी मानकाची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. ई-कोलाय जंतूंसाठी अट वेगळी आणि कडक आहे : १०० मिलिलिटर नमुन्यात एकही सापडता कामा नये. ती तपासणी प्रयोगशाळेतच होते.

जारच्या पाण्याला परवाना लागत नाही का?

पॅकबंद पाण्याला अन्न सुरक्षा परवाना लागतो. बीआयएस प्रमाणपत्राची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये काढण्यात आली आणि नोव्हेंबरअखेरीस हेच पाणी ‘अतिजोखमीच्या’ अन्नपदार्थांच्या गटात टाकून वार्षिक तपासणी आली. पण सील नसलेले थंड पाणी ‘पॅकबंद’ नाहीच, असे म्हणत अनेक विक्रेते या चौकटीबाहेर राहतात. पळवाट साधी आहे : सील लावले की कायदा लागतो, म्हणून लावायचेच नाही.

आजाराचा माग का लागत नाही?

टायफॉइडची लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई काविळीला तर दोन ते दहा आठवडे. तोवर जार बदललेला असतो, टाकी कितीतरी वेळा भरून रिकामी झालेली असते. ही कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांच्या अंथरुणावर सोडते. गर्भवतींना मात्र, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ती जिवावर बेतू शकते. प्रसूती रजेच्या आधी शेवटपर्यंत कामावर येणाऱ्या महिलांसाठी कूलरची तोटी हा किरकोळ विषय राहत नाही.

माग लागतो तो हजेरीपट एकत्र पाहिला तर. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तेच केले. रस्त्यावरच्या पंपाचे पाणी पिंपांत भरून ठेवणाऱ्या एका कारखान्यात सुमारे २०० पैकी १८ कामगार दगावले. जवळच्याच ब्रुअरीतले सत्तरहून अधिक कामगार बचावले. त्यांना रोज बिअर मिळायची आणि आवारात स्वतःची विहीर होती. रस्ता एकच, पाणी वेगळे.

जबाबदारी कोणाची?

मालकाची. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १८ नुसार पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ लिहिलेले असणे आणि ती जागा शौचालय, मुतारी वा उघड्या गटारापासून किमान सहा मीटर दूर असणे बंधनकारक होते. २५० हून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणीही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी तिथेही मालकावरच आहे. दुकाने व कार्यालयांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे, पण ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना त्यातून सुटतात. वागळेतले कितीतरी गाळे याच गटात मोडतात, हे विसरता येत नाही.

कर्मचाऱ्याने काय विचारावे?

टाकी शेवटची कधी धुतली, जारवर परवाना क्रमांक आहे का, जंतूंचा प्रयोगशाळा अहवाल कुठे आहे. अहवालावर फक्त टीडीएस आणि पीएच असेल तर तो अपुरा समजावा. प्राथमिक चाचणीसाठी हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. पाणी भरून ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत ते काळे पडले तर मैल्याचा संसर्ग असण्याची दाट शक्यता. कारखान्यातील तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दुकान-कार्यालयाची कामगार आयुक्तालयाकडे करता येते. कंत्राटी कामगाराला हे एकट्याने विचारणे जड जाते, त्यामुळे अर्ज चार-पाच जणांच्या सह्यांचा असावा आणि त्यात आजारी पडलेल्यांच्या तारखा लिहिलेल्या असाव्यात.