डॉक्टर न होता औषधांच्या जगात

सर्वप्रथम माझ्या मराठीला हसू नका. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते, आणि मराठी म्हणजे फक्त पास होण्यापुरता विषय! तरीही हा लेख मराठीतच का लिहिला, ते पुढे कळेलच.

माझी आत्येबहीण बी.फार्म. करून पुण्याच्या एका हॉस्पिटलात स्टडी कोऑर्डिनेटर आहे. दिवाळीत तिला विचारलं, "ताई, तू ना डॉक्टर ना नर्स, मग तिथे करतेस काय?" तिने बॅगेतून मराठीत छापलेला एक संमतीपत्राचा नमुना काढून दिला. म्हणाली, "वाच आणि सांग काय कळलं ते." दुसऱ्याच ओळीत 'यादृच्छिक पद्धतीने' आलं आणि आमची गाडी थांबली. ताई हसली. "बाईला मी सांगते, चिठ्ठी टाकल्यासारखं आहे. कुणाला नवं औषध, कुणाला जुनं. कुणाला काय मिळेल ते डॉक्टरही ठरवत नाहीत."

क्लिनिकल रिसर्च म्हणजे नवीन औषध, लस किंवा उपकरण माणसांवर तपासून बघणे. आधी थोड्या लोकांवर ते सुरक्षित आहे का ते पाहतात, मग किती डोस द्यायचा ते, मग शेकडो-हजारो लोकांवर खरंच उपयोग होतो का ते. बाजारात आल्यावरही नजर ठेवतात. एवढी थिअरी पुरे.

आता जवळचं उदाहरण. नगरहून पुण्याला एसटीने जाताना शिक्रापूर सोडलं की कोरेगाव भीमा लागतं. तिथून आत वढू बुद्रुक. आपल्याला ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत. पण पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं ग्रामीण केंद्रही तिथेच आहे. २००२ पासून त्यांनी आसपासच्या २२ गावांतल्या घराघरांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद ठेवायला सुरुवात केली.

या भागातल्या बाळांवर गोवराच्या लसीची एक चाचणी झाली. सुईऐवजी नेब्युलायझरने, म्हणजे वाफ घेतो तशी श्वासातून लस द्यायची. सुई नाही, रडारड नाही, आणि टोचायला प्रशिक्षित नर्स नसली तरी चालेल. ९ ते १२ महिन्यांची सुमारे २००० बाळं. निम्म्यांना सुई, निम्म्यांना फवारा. ९१ दिवसांनी रक्त तपासलं. सुईवाल्या सुमारे ९५ टक्के बाळांत प्रतिकारशक्ती दिसली, फवारावाल्या सुमारे ८५ टक्के. म्हणजे फवारा कमी पडला! २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने हा निकाल छापला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग 'जुळवतो', तिथे असं करून चालत नाही. ते १० टक्के लपवले असते तर गोवर होणारी पोरं खरी असती. (प्रॅक्टिकलच्या सरांनी हे वाक्य वाचू नये ही विनंती.)

आता इंजिनिअरचं काय काम? भरपूर. पेशंटचा डेटा ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात त्यात एक आकडा बदलला तरी जुना आकडा, बदलणाऱ्याचं नाव, वेळ, कारण सगळं राहावं लागतं. असं सॉफ्टवेअर बनवणं, तपासणं, डेटाबेस उभारणं, सॅसमध्ये प्रोग्रॅम लिहून टेबलं काढणं ही कामं कॉम्प्युटरवाल्यांची. इन्स्ट्रुमेंटेशन-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना वैद्यकीय उपकरणांचं क्षेत्र आहे. त्यासाठी २०१७ चे वेगळे नियमही आहेत. बी.फार्म., बी.एस्सी., नर्सिंगवाले कोऑर्डिनेटर किंवा मॉनिटर होतात. मॉनिटर म्हणजे गावोगावच्या हॉस्पिटलांत जाऊन कागद तपासणारा. त्याची बॅग कायम भरलेलीच! सुरुवातीचा पगार पाहून कोणी नाचणार नाही असं ताईच म्हणते, पण अनुभव वाढला की वाढतो.

एक सांगायलाच हवं. हे क्षेत्र वर-खाली होतं. २००५ नंतर भारतात चाचण्यांची लाट आली, आणि गरिबांना नीट न सांगता प्रयोग होतात अशा तक्रारीही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला फटकारलं, नियम कडक झाले, बरीच कामं थांबली. २०१९ मध्ये नवे नियम आले. इजा झाली तर उपचार आणि भरपाई, एथिक्स कमिटीची मंजुरी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. २०२० मध्ये कोविशिल्डची भारतातली चाचणी १६०० जणांवर झाली, तेव्हा पुणं पुन्हा चर्चेत आलं.

आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या जाहिरातींना भुलू नका. ताईच्या एका मैत्रिणीने कर्ज काढून असा एक डिप्लोमा केला. प्लेसमेंट म्हणजे कॉल सेंटरचा एक इंटरव्ह्यू निघाला. फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना फोन करून विचारा.

ताईला शेवटी विचारलं, यात सगळ्यात अवघड काय? म्हणाली, "बाळ मांडीवर घेऊन एखादी आई विचारते, माझ्या पोरावर प्रयोग करता का ताई? तेव्हा 'हो' म्हणायचं. मग सगळं समजावायचं, आणि ती नाही म्हणाली तर चहा पिऊन निघायचं."

तिचा तो नमुना मी होस्टेलवर आणलाय. आमच्या रूममधल्या चौघी मिळून तो सोप्या मराठीत लिहितोय. 'यादृच्छिक'ला चिठ्ठी सापडली. 'प्रतिकूल घटना'वर अजून भांडण चालू आहे.