एका दिवसाची सहल आणि एक प्रश्न : मुलांना नाणेघाट कसा दाखवावा?



शाळेची सहल म्हटली की पन्नास-साठ मुले, एक बस आणि दिवसभरात पाच ठिकाणे. हजेरी घेणे, रांगा लावणे, डबे उघडणे यातच वेळ जातो. प्राचीन अवशेषांच्या ठिकाणी तर मुले ‘इथे काहीच नाही, नुसते दगड आहेत’ असे म्हणून परत येतात. त्यांचे फारसे चुकत नाही. पडक्या जागी जे आहे ते कमी आणि जे नाहीसे झाले ते जास्त असते. ते दिसायला वेळ लागतो आणि कोणीतरी शेजारी बसून प्रश्न विचारावे लागतात.

म्हणून अशी ठिकाणे घरच्यांनी किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून, आपल्या सोयीने, एका दिवसात पाहावीत असे मला वाटते. ही सहल कशी आखावी आणि तिथे मुलांशी काय बोलावे, हे आज आपण एकाच ठिकाणाचे उदाहरण घेऊन पाहू. ते ठिकाण आहे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातला नाणेघाट.

नाणेघाटच का?

नाणेघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी सुमारे दोन हजार वर्षांची जुनी वाट. खाली सोपारा, कल्याण ही बंदरे. वर जुन्नर आणि पुढे सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. बंदरात उतरलेला माल डोंगर चढून याच वाटेने वर यायचा आणि देशावरचा माल खाली जायचा.

या वाटेवर, अगदी घाटमाथ्याजवळ, एक लेणे खोदलेले आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिका हिचा लेख म्हणून ओळखला जातो. काळ साधारण इ.स.पूर्व पहिले शतक. महाराष्ट्राच्या इतिहासाचा हा अगदी सुरुवातीचा लेखी पुरावा, तोही आपल्या घरापासून काही तासांवर आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

दुसरे कारण गणिताचे. या लेखात अंक आहेत, आणि ते भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

निघण्याआधी अर्धा तास

आदल्या दिवशी मुलांना माहितीचा डोस पाजू नका. तीनच गोष्टी करा.

१. नकाशा उघडा. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर आणि पैठण ही पाच ठिकाणे मुलांना शोधू द्या आणि पेन्सिलीने जोडू द्या. मध्ये सह्याद्रीची भिंत आडवी येते, हे त्यांनाच दिसेल.

२. ब्राह्मीची दोन-तीन अक्षरे दाखवा. ‘क’ हा बेरजेच्या चिन्हासारखा, ‘ठ’ म्हणजे गोल, ‘ग’ म्हणजे घराच्या उतरत्या छपरासारखा. एवढे पुरते. भिंतीवर एक जरी ‘क’ ओळखता आला तरी मूल तिथून हलत नाही.

३. एक प्रश्न द्या. फक्त एकच : राणीने हा लेख आपल्या राजवाड्यात न कोरता डोंगरातल्या वाटेवर का कोरला असेल? उत्तर सांगू नका. हा प्रश्न दिवसभर सोबत राहू द्या.

तिथे गेल्यावर काय पाहायचे?

जुन्नरकडून गेलात तर गाडी घाटघर गावाच्या पुढे पठारापर्यंत जाते. समोर नानाचा अंगठा नावाचा सुळका, बाजूला जीवधन किल्ला. तिथून पायी निघायचे.

*दगडी रांजण.* घाटाच्या तोंडाशी एकाच दगडातून कोरलेला मोठा रांजण आहे. ‘यात जकातीची नाणी टाकत’ असे सगळे सांगतात. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

*खिंड.* रांजणापासून दगडी वाट कातळाच्या चिंचोळ्या खिंडीतून खाली उतरते. मुलांना विचारा : इथून बैलगाडी गेली असती का? मग माल कोणी वाहिला? बैलाच्या पाठीवर किती ओझे बसेल? पुस्तकातला ‘व्यापारी मार्ग’ हा शब्द इथे पायांना समजतो.

*लेणे.* थोडे खाली उतरले की लेणे लागते. आत बसायला दगडी बाक आहेत. आधी मुलांना त्यावर पाच मिनिटे गप्प बसू द्या. घाट चढून दमलेला वाटसरू इथेच टेकत असणार.

आता मागची भिंत पाहा. इथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे रांगेत कोरलेले होते. आज पुतळे नाहीत. काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण वर नावे आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजेच नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, काही राजकुमार आणि एक महारठी. पुतळा गेला आणि नाव राहिले. मुलांना हे सांगावे लागत नाही, तीच म्हणतात, ‘म्हणजे लिहिलेलं टिकलं!’

डाव्या आणि उजव्या भिंतींवर मुख्य लेख आहे. सुरुवातीला इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. पुढे राजघराण्याने केलेल्या यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा हिशेब : गाई, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे आणि कार्षापण नावाची नाणी. मधला बराच मजकूर झिजून गेला आहे.

*पाण्याची टाकी.* आसपास कातळात खोदलेली टाकी आहेत. घाटातल्या एका छोट्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव दान देणारा म्हणून येते. म्हणजे इथे फक्त राणीच नाही, बंदरावरचा एक माणूसही आपले नाव ठेवून गेला आहे. सकाळी नकाशावर शोधलेले सोपारा इथे दगडात भेटते.

दगड काय सांगतो, लोक काय सांगतात

माझ्या मते सगळ्या सहलीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. वहीच्या पानावर मध्ये एक रेघ मारायला सांगा. डावीकडे ‘दगड सांगतो’, उजवीकडे ‘लोक सांगतात’.

‘राणीचे नाव नायनिका’ हे डावीकडे. नाव कोरलेले आहे.
‘यज्ञात गाई आणि नाणी दान दिली’ हेही डावीकडे.
‘रांजणात जकात गोळा होत असे’ हे कुठे लिहायचे?

इथे मुले थांबतात. मोठेही थांबतात. कारण भिंतीवरच्या त्या मोठ्या लेखात जकातीचा उल्लेखच नाही. तो लेख दानाचा आहे, कराचा नाही. मग जकातीची गोष्ट खोटी का? तसेही नाही. एवढ्या रहदारीच्या वाटेवर कर घेतला जाणे अगदी शक्य आहे, आणि घाटाच्या नावातच ‘नाणे’ आहे. पण शक्य असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. म्हणून ती ओळ उजव्या रकान्यात जाते. तिला खोडायचे नाही आणि डावीकडेही ढकलायचे नाही.

आज मोबाईलवर रोज दहा ‘ऐतिहासिक’ गोष्टी येऊन पडतात. ‘हे कशावरून?’ असे विचारायची सवय दहा-बारा वर्षांच्या मुलाला लागली, तर ती इतिहासाच्या पेपरातल्या गुणांपेक्षा कितीतरी पुढे जाते. आणि ही सवय भाषणाने लागत नाही. रांजणाला हात लावून, मग भिंतीवर तो शब्द न सापडून लागते.

गणिताचा तास : ‘चारशे पाच’ चे कोडे

हा लेख इंग्रज अधिकारी कर्नल साईक्स याने १८२८ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आणला. पण त्यातली काही चिन्हे अक्षरे नसून संख्या आहेत, हे नीट उलगडले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, १८७६ च्या सुमारास. जुनागढचे हे विद्वान मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करत.

नाणेघाटात एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. दहाला स्वतंत्र चिन्ह, शंभराला स्वतंत्र, हजाराला स्वतंत्र. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चार जोडायचे. शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही.

लेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. आपण पाच अंक लिहितो. तिथे तीन चिन्हे : वीस हजार, चार हजार, चारशे. १००१ गाई लिहिताना दोनच चिन्हे : हजार आणि एक.

आता तुमच्या वर्गातला एक नेहमीचा प्रसंग आठवा. दुसरी-तिसरीतल्या मुलाला ‘चारशे पाच’ लिहायला सांगितले की ते ४००५ लिहिते. आपण लाल पेनाने फुली मारतो. पण ते मूल काय करते आहे? ऐकलेले तसेच लिहिते आहे : आधी चारशे, मग पाच. ही नाणेघाटाचीच रीत आहे! आपण संख्या बोलताना आजही त्याच रीतीने बोलतो. ‘चार-शे’ या शब्दात चार आणि शंभर एकमेकांना चिकटलेलेच आहेत. बदलली ती लिहिण्याची पद्धत. ‘दशकाच्या घरात काही नाही’ हे दाखवायला शून्य आले आणि जागेला किंमत आली.

म्हणजे ४००५ लिहिणारे मूल ‘ढ’ नसते. माणसांनी शतकानुशतके संख्या ज्या पद्धतीने लिहिल्या त्या पायरीवर ते उभे असते, आणि आपल्याला त्याला पुढच्या पायरीवर न्यायचे असते. पालकांनी हे समजून घेतले तर गृहपाठाच्या वेळची निम्मी रडारड थांबेल.

लेण्यातल्या बाकावर बसून करायचा खेळ : एक, चार, सात, दहा, शंभर आणि हजार यांची आपापली चिन्हे मुलांनी ठरवायची आणि १७, ४०७, १००१ लिहायचे. मग त्याच रीतीने लिहिलेल्या दोन संख्यांची उभी बेरीज करायला सांगा. शून्य कशासाठी हवे, हे मूल स्वतःच सांगेल.

प्रवासाची सोय आणि काळजी

• पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर आणि तिथून नाणेघाट तीसेक किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर निवांत पोहोचता. कोकणातून वैशाखरे गावाकडून पायी चढता येते, पण ती चढण लहान मुलांसाठी नाही.
• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात वर उडणारे धबधबे पाहायला खूप गर्दी होते, धुके असते आणि खिंडीतले दगड निसरडे होतात. लेख वाचायला तो काळ उपयोगाचा नाही.
• कड्याच्या बाजूला मुलांचा हात सोडू नका. माकडे पिशव्या ओढतात, खाऊ गाडीतच ठेवा.
• जेवणाचे घाटघरमध्ये आधी विचारून ठेवा. गावातल्या आजी-आजोबांशी मुलांना बोलू द्या. ‘लोक सांगतात’ हा रकाना तिथेच भरतो.
• शिवनेरी, लेण्याद्री, ओझर हे सगळे त्याच दिवशी उरकू नका. फार तर वाटेत पूर गावचे कुकडेश्वर मंदिर पाहा. बाकीचे पुढच्या वेळी.

आणखी एक. भिंतीला पाणी लावून, खडूने अक्षरे रंगवून किंवा नखाने उकरून वाचायचा प्रयत्न करू देऊ नका. अशा जागी लोकांनी बदामात कोरलेली नावे तुम्हाला दिसतील. संरक्षित स्मारकाची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मुलांना जरूर सांगा. पण त्याआधी हे सांगा : झिजलेल्या जागी काय लिहिले होते हे आता कोणालाच वाचता येत नाही. एक अक्षर गेले की एक पुरावा कायमचा जातो.

परत आल्यावर

निबंध लिहायला लावू नका. सकाळचा प्रश्न पुन्हा विचारा : राणीने लेख वाटेवर का कोरला? कोणी म्हणेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावा म्हणून. कोणी म्हणेल, हा रस्ता आमचा आहे हे कळावे म्हणून. कोणी विचारेल, ‘पण तेव्हा किती जणांना वाचता येत होतं?’ हा शेवटचा प्रश्न आला तर सहल वसूल झाली असे समजा. मग पुतळे कशासाठी होते, याचे उत्तर मूल आपले आपण शोधू लागते : ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी असतील का?

हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मुलांनाच ठरवू द्या. बहुतेक वेळा त्यांना तिसरा रकाना आखावा लागतो : ‘आम्हाला वाटते’. तोही आखू द्या. फक्त तीन रकान्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.