घामाचे आकडे आणि एआयची समजूत

आठवड्याचे पळणे संपले की धावपटू घड्याळाच्या अ‍ॅपमधले आलेख चाळत बसायचे. आता ते एआय सहायकालाच विचारतात, ‘या आठवड्यात किती पळालो? उद्या विश्रांती घेऊ का?’ बेंगळुरूत हा प्रश्न निघणे साहजिकच आहे. 10 किलोमीटरची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत तिथे 2008 पासून भरते. हेल्दीफायमी, कल्टफिट आणि अल्ट्राह्यूमन या आरोग्य-व्यायाम क्षेत्रातल्या कंपन्याही त्याच शहरात वाढल्या.

पण या सहायकामागचे भाषेचे मॉडेल तुमच्या घड्याळात डोकावू शकत नाही. नोंदी आणून देणारे वेगळे साधन त्याला जोडावे लागते. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला, आणि अशी साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत मिळाली. बेंगळुरूच्याच झिरोदा या शेअर दलाली कंपनीने 2025 मध्ये शेअर खात्याची माहिती एआय सहायकांना याच मार्गाने उपलब्ध करून दिली.

अशा साधनाची ओळख एजंटला, म्हणजे साधने वापरणाऱ्या एआय सहायकाला, तीन गोष्टींतून होते: नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवायची याचा आराखडा. आतला कोड त्याला दिसत नाही. माणसाला माहितीपत्रक कळले नाही तर तो फोन करून विचारतो. एजंट बहुतेकदा अंदाज बांधून मोकळा होतो. म्हणून ‘व्यायामाची माहिती आणते’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही.

वेळेचेच पाहा. सोमवारी पहाटे 5 वाजता कब्बन पार्कात कोणी पळाले, तर यूटीसी या जागतिक वेळेनुसार तेव्हा रविवारचे रात्रीचे 11.30 वाजलेले असतात. साधन यूटीसीत तारखा देते हे वर्णनात लिहिले नसेल, तर सोमवारचे पळणे मागच्या आठवड्यात जमा होते. बेरीज चुकते, पण उत्तर इतके पटण्यासारखे असते की शंका येत नाही. याउलट, घड्याळांमध्ये रूढ असलेल्या ‘फिट’ फाइलमध्ये सेकंद 31 डिसेंबर 1989 पासून मोजतात, तर संगणकांच्या युनिक्स पद्धतीत 1 जानेवारी 1970 पासून. यांत घोटाळा झाला तर आजची धाव वीस वर्षांपूर्वीची दिसते आणि चूक लगेच पकडली जाते. धोका असतो तो सभ्य दिसणाऱ्या चुकांचा.

हृदयगतीचे उदाहरण याहून बोलके आहे. फिट फाइलमध्ये हृदयगतीच्या रकान्यात 255 हा आकडा आला, तर त्याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा असतो. समजा, तासाभराच्या धावेत 50 मिनिटे ठोके 145 होते आणि छातीचा पट्टा सरकल्यामुळे 10 मिनिटांची नोंदच झाली नाही. 255 हा खरा आकडा धरला तर सरासरी 163 येते. त्याऐवजी शून्य धरले तर 121. पहिल्या उत्तरावरून एजंट ‘वेग कमी करा’ म्हणेल, दुसऱ्यावरून ‘अजून जोर लावा’. खरे उत्तर 145 असते, आणि तेही फक्त 50 मिनिटांपुरते.

नीट लिहिलेले वर्णन असे असते: ‘दिलेल्या दोन तारखांमधल्या धावांचा सारांश देते. तारखा भारतीय वेळेनुसार. अंतर मीटरमध्ये. सिग्नलवर थांबलेला वेळ वेगळा दाखवते. हृदयगतीची नोंद नसेल तर रकाना रिकामा राहतो; त्याला शून्य समजू नये. फक्त वाचते, काहीही बदलत नाही.’ सारांश यासाठी की दर सेकंदाला एक या हिशेबाने तासाभराच्या धावेत 3,600 नोंदी होतात. त्या सगळ्या मॉडेलपुढे ओतल्या तर कामाचे थोडके आकडे ढिगात हरवतात.

याच वर्णनात ठिकाणाबद्दलही लिहायला हवे. जानेवारी 2018 मध्ये धावांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या आणि लष्करी तळांचे आराखडे उघड झाले. घरापासून सुरू होणारी रोजची फेरी घराचा पत्ताच सांगते. भारताचा 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही विशिष्ट हेतूसाठी संमती आणि त्या हेतूपुरतीच माहिती, असे तत्त्व मांडतो. अंतर विचारले असताना साधनाने नकाशा देण्याचे कारण नाही.

तेव्हा सहायकाने उद्या वेग कमी करायला सांगितले, तर आधी त्याला तीन प्रश्न विचारा. आकडे कोणत्या तारखांचे आहेत? वेळ भारतीय आहे की यूटीसी? हृदयगतीच्या किती नोंदी गाळल्या? उत्तरे धड मिळाली नाहीत, तर तो सल्ला खुशाल बाजूला ठेवा.