वाडीतले सोने आणि सड्यावरचे दगड

धरण, रस्ता, खाण किंवा वसाहत यांसाठी जमीन उकरली जाण्याआधी तिच्यातील प्राचीन अवशेष शास्त्रीय पद्धतीने खोदून नोंदवणे, याला पुरातत्त्वशास्त्रात बचाव उत्खनन म्हणतात. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणात बुडणार असलेल्या नागार्जुनकोंडा खोऱ्यात १९५४ ते १९६० या काळात असे उत्खनन झाले आणि अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष पाणी चढण्यापूर्वी हाती आले. कोकण किनाऱ्यावर मात्र भूतकाळ बहुधा योगायोगानेच वर येतो. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ मध्ये वाडीत खोदकाम चालू असताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गाव महाराष्ट्रभर गाजले; २०१२ मध्ये तो चोरीस गेला तेव्हा पुन्हा गाजले. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील ताम्रपटामुळे मराठीच्या आरंभीच्या लेखांतही या गावाची गणना होते. मात्र हे सारे लेखनाच्या काळातले. त्याआधीचा काळ, ज्याला प्रागितिहास म्हणतात, तो या परिसरात कुठे शोधावा?

पुळणीच्या वाळूत तो शोधणे बहुधा निष्फळ ठरेल. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेले तशी ती चढत गेली आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावली. त्यामुळे अश्मयुगीन माणसाने जिथे शिंपले वेचले असतील तो किनारा आज पश्चिमेला पाण्याखाली आहे, आणि ज्या वालुकामय पट्टीवर दिवेआगरच्या नारळी-पोफळी उभ्या आहेत ती त्यामानाने अलीकडची आहे. जुने अवशेष टिकण्याची शक्यता आहे ती समुद्र कधी पोचला नाही अशा जागी, म्हणजे डोंगरातील गुहांत आणि सड्यांवर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार, ज्याच्यावर पावसाळ्यानंतर गवताखेरीज फारसे काही उगवत नाही आणि म्हणून ज्याला सरकारी दप्तरापासून गावगप्पांपर्यंत सर्वत्र पडीक म्हटले जाते.

या पडीकपणाचा अर्थ दक्षिणेकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पार बदलला आहे. तेथील सड्यांवर कातळात कोरलेल्या आकृती, म्हणजे कातळशिल्पे, मोठ्या संख्येने नोंदली गेली असून कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आदी स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. काही आकृतींत आज कोकणात नसलेला गेंडाही ओळखता येतो, आणि बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलेला आहे. याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा तीव्र आंदोलन उभे राहिले आणि कातळशिल्पांचा प्रश्न त्या वादात ओढला गेला.

अशा जागी केवळ शिल्पाभोवती कुंपण घालून भागत नाही. दगडावरील रेषेचे वय थेट काढणे अवघड असते. ते ठरवायला जवळपासच्या मातीचे थर, कोळशाचे कण आणि सूक्ष्मास्त्रे, म्हणजे लाकडी किंवा हाडाच्या दांड्यात बसवण्यासाठी घडवलेली बोटाच्या पेराएवढी दगडी पाती, यांचा आधार लागतो. ती मिळवण्याची रीत साधी पण वेळखाऊ आहे: आधी पायी पाहणी, मग चाचणीचे छोटे खड्डे, आणि मग एकेक थर वेगळा काढत माती चाळणे. चिरेखाणीतले यंत्र किंवा जेसीबीचा फाळ यांतले काहीच ओळखू शकत नाही. १९३०च्या दशकात नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी मुंबईजवळ कांदिवलीला अश्मयुगीन हत्यारे शोधून प्रसिद्ध केली म्हणून ती अभ्यासकांना ठाऊक झाली. पुढे उपनगर तिथे पसरले, आणि आज टॉड यांच्या लेखांखेरीज त्या थरांकडे जाण्याचा मार्ग फारसा उरलेला नाही.

कायद्याची नजर मात्र अजून वाडीतल्या सोन्यावरच आहे असे म्हणावेसे वाटते. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, पण गारेच्या पात्याला बाजारभाव नसतो. केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण ही तरतूद आधी घोषित झालेल्या जागांसाठी आहे. जे अजून सापडलेच नाही त्याला ती लागू होणार कशी? युनेस्कोने १९६८ मध्येच सदस्य देशांना शिफारस केली होती की, बांधकामाआधी पाहणी व्हावी आणि अवशेष वाचवण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा. दिवेआगरच्या उत्तरेला दिघी बंदर आणि त्याच्याशी जोडलेले औद्योगिक क्षेत्र आखले जात असताना, शिवाय किनाऱ्याने सागरी महामार्ग येत असताना, श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांतील डोंगरमाथ्यांवर भूसंपादनाच्या मोजणीबरोबरच पुरातत्त्वज्ञांची पायी पाहणी करून घेणे अवघड नाही. मोजणीदार त्या जमिनीवरून तसेही एकदा चालणारच असतात.