केसपेपर फुकट, पण एसटीचे भाडे?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला. तरी मिरजगावच्या मजुराला अहिल्यानगरला जायचे तर एसटीचे भाडे पडते, दिवसाचा रोज बुडतो. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये दुसरे टोक धरले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना शिकवून आरोग्यसेविका केले. गरोदर बाई, जुलाब लागलेले पोर त्यांनी दारातच सांभाळले. बालमृत्यू घटले.

योजना बिल भरते. बिल येऊच नये, हे ही शेजारीण पाहते. धोरणात दोघींना जागा हवी.